दुसरी टाचणी

माझ्या गोष्टींतला अर्धा भाग खोटा असतो, हे आमच्या पुंता लिनाव गावच्या कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे. आमच्या बाईसाहेबांच्या, डोन्या पुरिताच्या, घरातली गाभण मांजर स्वयंपाकघरातून निघाली आणि ओसरीवर पोचेपर्यंत तिच्या पिल्लांचे डोळे उघडले होते, एवढं ते घर लांब, असं सगळ्या बाजारात सांगत फिरणारी मीच. सेपा म्हातारी. पण आज सांगते ती गोष्ट खरी आहे. तिच्यात मी काही मिसळलेलं नाही. वाऱ्याच्या बाबतीत थोडंफार मिसळलं तर कानाडोळा करा.

ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे दोन पालख्या निघतात. पुरुष एका रस्त्यानं उठलेल्या येशूची पालखी आणतात, आम्ही बायका दुसऱ्या रस्त्यानं दुःखी मातेची. मातेच्या डोक्यावर काळी ओढणी असते, कारण आपला मुलगा जिवंत झालाय हे तिला अजून कळलेलं नसतं. चौकात बांबूचा उंच मांडव घालतात, कागदी फुलांनी मढवलेला. त्याखाली दोन्ही पालख्या समोरासमोर येतात. मग वरून दोरीला बांधलेली एक लहान मुलगी पंख लावून खाली उतरते, गाणं म्हणते, आणि टाचणी काढून मातेची ओढणी ओढते. ओढणी सुटली की घंटा, फटाके, बँड, आणि म्हाताऱ्या बायकांचं रडणं, सगळं एकदम सुरू होतं.

नाही सुटली तर वर्ष वाईट जातं. मासा येत नाही, वादळ येतं. आणि त्या मुलीला जन्मभरासाठी एक नाव चिकटतं. मालास. म्हणजे पनवती.

मला हे कुणी शिकवायला नको. माझी लेक लूमेन सात वर्षांची असताना देवदूत झाली होती. खरं तर देवदूत नेहमी डोन्या पुरिताच्या घरातलीच, कारण दुःखी मातेची मूर्ती, तिचे कपडे, तिचे दागिने, सगळं पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरात. पण त्या वर्षी त्यांच्या भाचीला गालफुगी झाली. फुगलेल्या गालांचा देवदूत कसा चालेल? लूमेनचा आवाज चांगला होता म्हणून पंख तिला मिळाले. आणि ओढणी अडकली. पोर ओढतेय, ओढतेय, माता पालखीत पुढे झुकायला लागली, शेवटी कुणीतरी शिडी लावून ओढणी फाडली. त्या पावसाळ्यात वादळानं अर्ध्या होड्या नेल्या.

झालं. लूमेन जाळ्याजवळ आली तर कोळी हाकलायचे. झुंजीचा कोंबडा घेऊन निघालेला माणूस तिला बघून परत घरी जायचा. मोठी झाली, लग्न ठरलं, नवऱ्याच्या आईला कुणीतरी ओढणीचं सांगितलं आणि लग्न मोडलं. मग ती शहरात गेली, लोकांचे कपडे धुतले, आणि परत आली तेव्हा कडेवर जिंगजिंग होती. बापाचं नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लोकांनी मात्र विचारलं. आणि उत्तर मिळालं नाही तेव्हा म्हणाले, "ओढणी उगाच नाही अडकली."

तर जिंगजिंग सात वर्षांची झाली त्या वर्षी आमच्याकडे फादर क्रिसांतो नवीन आले होते. बारीक, चष्मेवाले, आणि डोक्यात नवीन नवीन कल्पना. त्यांनी वेदीवरूनच सांगितलं की आता देवदूत एकाच घरातली नको. सगळ्या सात वर्षांच्या मुलींच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या. शेतात घालतात तसली गवती टोपी आणली, हात घातला, चिठ्ठी उघडली आणि वाचली, "मरिया फेलिसिदाद." कुणाला कळेचना कोण ती. मग मांडव बांधणारा बेर्तिंग ओरडला, "अहो, आपली जिंगजिंग!"

देवळात अशी शांतता पसरली की मला माझ्याच पोटातला भात शिजताना ऐकू आला.

मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, संपल्याबरोबर लूमेन फादरांच्या मागे धावली. मी तिच्या मागे.

"फादर, दुसरी चिठ्ठी काढा."

"का गं?"

"आमची लायकी नाही. कुणालाही विचारा."

फादरांनी चष्मा पुसला. "लायकीच बघायची असती तर मी टोपी कशाला आणली असती, लूमेन? यादी केली असती."

"तुम्ही नवीन आहात. अडकली तर माझ्या पोरीचं काय होईल, तुम्हाला माहीत नाही."

"आणि सुटली तर काय होईल, ते तुलाही माहीत नाही."

छान बोलले. पण फादर लोकांचं बरं असतं, त्यांची बदली होते. आम्ही इथेच राहतो.

त्या दिवसापासून लूमेनची झोप उडाली. ईस्टरच्या आधीचे उपासाचे सगळे आठवडे ती पोरीला सराव करायला लावत होती. नारळाच्या झावळीला फडकं टाचायचं, जिंगजिंगला खुर्चीवर उभं करायचं आणि म्हणायचं, "आधी वरची टाचणी. मग दोन्ही हातांनी ओढ." पोरगी धीट. तिला भीती एकाच गोष्टीची, की पुढचा दात हलतोय, गाताना पडला तर?

"लोला," तिनं मला, म्हणजे आजीला, विचारलं, "दात मातेच्या अंगावर पडला तर पाप लागेल?"

"दुधाच्या दाताचं पाप दुधाचंच असतं," मी सांगितलं. "सहज धुऊन निघतं."

"नानाय, तिला काहीबाही शिकवू नका," लूमेन माझ्यावर, आपल्या आईवर, खेकसली. फडकं दहा वेळा सुटलं की अकराव्यांदा टाचायची. मी म्हटलं, अगं झावळीला तरी थोडी विश्रांती दे. हसली नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, डोन्या पुरिताची मोलकरीण बोलावणं घेऊन आली. दोघींना. लूमेनचा चेहरा पांढराफटक पडला. "मुलगी बदला म्हणणार असेल," ती म्हणाली, आणि मला कळेना की तिला ते हवंय की नकोय.

डोन्या पुरिता माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही एकाच खाडीत खेकडे धरलेत. मग तिनं लग्न केलं मोठ्या घरात आणि मी केलं होडीवाल्याशी, तेव्हापासून ती देवळात पहिल्या बाकावर आणि मी खांबामागे. त्या दुपारी ती दुःखी मातेसमोर खुर्चीत बसली होती. माता नेसवून तयार होती, फक्त डोकं उघडं. काळी ओढणी पुरिताच्या मांडीवर. आणि तिचे हात असे हलत होते, जसं कुणी अदृश्य तांदूळ पाखडतंय.

"बस, लूमेन."

"उभीच बरी आहे."

"माझ्याच्यानं आता टाचणी लागत नाही. बघतेस ना हात. ओढणी तू लाव."

दुःखी मातेला हात लावायचा मान त्या घराबाहेर कधी गेला नव्हता. मी मनात म्हटलं, सेपा, यात काहीतरी पाणी मुरतंय.

"आणि एकच लाव," पुरिता म्हणाली. "डोक्यावर, मधोमध. एकच." मग ओढणीकडे बघतच म्हणाली, "तुझ्या वेळेला मी दोन लावल्या होत्या."

बाहेर रस्त्यावरून आईसकांडीवाला घंटी वाजवत गेला.

"नवीनच हातात काम आलं होतं," पुरिता सांगायला लागली. "सासूनं बजावलं होतं, ओढणी वाटेत उडाली तर घराण्याचं नाक कापलं जाईल. वारा सुटला होता त्या पहाटे. मला धीर धरवेना. हनुवटीखाली, डाव्या बाजूला, आणखी एक लावून टाकली. चौकात पोचायच्या आधी काढणार होते. गर्दीत राहून गेली."

"आणि नंतर?" लूमेननं विचारलं. तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की मला सात वर्षांची लूमेन दिसली.

"नंतर तुला मालास म्हणायला लागले. मी म्हटलं, उद्या सांगेन. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या सांगेन. मग वादळ आलं, आणि मग तर... लोक होड्या शोधत होते गं. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होते, टाचणी माझी होती म्हणून?"

"माझं लग्न मोडलं तेव्हा?"

पुरितानं मान खाली घातली. "तेव्हाही म्हटलं, उद्या."

आता मला सांगा, माझ्यासारख्या बाईनं काय करावं? माझ्या जिभेला असं काही सापडलं होतं की जे आयुष्यभर खोटं रचूनसुद्धा मला सुचलं नसतं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता घंटेच्या मनोऱ्यावर चढावं आणि ओरडावं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की पुरिताच्या थोबाडीत द्यावी. दोन्हीपैकी काहीही केलं नाही.

"मी माफी मागते," पुरिता म्हणाली.

"मिळणार नाही," लूमेन म्हणाली. ओरडून नाही, दुकानदार म्हणतो ना, साखर संपली, तसं. मग तिनं मांडीवरची ओढणी उचलली, मातेच्या डोक्यावर घातली, कडा सारख्या केल्या, मधोमध एक टाचणी लावली. एकच. दोन बोटांनी हलवून बघितली. "हे माझ्या पोरीसाठी करतेय. तुमच्यासाठी नाही."

रस्त्यावर आल्याबरोबर तिनं माझा दंड धरला. "नानाय, मिस्सा होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलंत तर तुमचं माझं नातं संपलं. जिंगजिंगच्या कानावर गेलं तर ती वर चढणारच नाही."

"अगं, पण तुझं नाव निघेल धुऊन!"

"आता मला माझ्या नावाची फिकीर नाही. उद्याची सकाळ नीट जाऊ दे."

पहाटे उठून दार उघडलं आणि वारा थेट आत आला, अंगणातला माझा झगा घेऊनच आला. कसला वारा! नारळाची झाडं एकमेकांच्या कानात बोलत होती. म्हाताऱ्या पान्दोय कोळ्याची टोपी उडाली ती दुसऱ्या बेटावर उतरली आणि तिकडच्या एका माणसानं ती घालून लग्न केलं म्हणतात. बरं, ते सोडा. पण वारा होता, आणि समुद्राकडून होता.

बेर्तिंग जिंगजिंगला घेऊन शिडीवरून मांडवात चढला, गाठी तपासल्या, कप्पी फिरवून बघितली. ते सगळं ठीक होतं. मी आणि लूमेन बायकांबरोबर देवळाच्या मागच्या दारी गेलो. पुरिताच्या जागी लूमेन पालखीला लागून चालणार, हे बघून बायकांच्या भुवया वर चढल्या. "मालासच्या हातची ओढणी," कुणीतरी पुटपुटलं. "देवा, यंदा तरी सांभाळ." पुरिता काळ्या कपड्यांत, काठी टेकत, अगदी मागोमाग.

पालखी बाहेर आली आणि ओढणी फुगली. शिडासारखी. बायका एकदम "अगं आई गं" करून किंचाळल्या. वाटेत उडाली तर तेही तेवढंच वाईट, कारण मग मातेला देवदूताच्या आधीच कळलं असं होतं. लूमेननं ओढणीची कड हातात धरली. चालताना सोडली, परत धरली. टाचणी हलत होती, मला खालून दिसत होती. प्रत्येक झोताला ती टाचणी मान डोलावत होती. मी जपमाळ ओढत होते, पण कुठल्या मण्यावर आहे ते विचारू नका.

मासळीच्या शेडजवळचं वळण म्हणजे सगळ्यात उघडी जागा. तिथे खांदे बदलायला पालखी खाली ठेवतात. बायका खांदे चोळत होत्या, मेणबत्त्या विझत होत्या, परत पेटवत होत्या. तेवढ्यात एक झोत आला आणि ओढणी मागे सरकली. मातेचं कपाळ दिसलं. लूमेननं दोन्ही हातांनी ती पुढे ओढली. आणि मग मी बघितलं. तिचा एक हात स्वतःच्या अंबाड्याकडे गेला, तिथली टाचणी निघाली, आणि हात ओढणीखाली गेला. हनुवटीखाली. डाव्या बाजूला.

केस मोकळे होऊन तिच्या तोंडावर आले.

"लूमेन, काय केलंस?"

"वारा आहे, नानाय."

"काढ ती. आत्ता काढ."

ती माझ्याकडे बघत राहिली. झोपेत चालणाऱ्या माणसाला उठवल्यावर तो बघतो ना, तशी. मग तिनं हात पुढे केला. पण तोवर ढोल वाजला होता, पालखी खांद्यांवर गेली होती. आणि त्या वळणानंतर मातेला कुणीही हात लावायचा नाही, फक्त देवदूतानं. हे आमच्याकडे फादरलासुद्धा लागू आहे.

चौकापर्यंतचा रस्ता लहान आहे. त्या दिवशी तो संपता संपेना आणि मला तर तो संपायलाच नको होता. लूमेन पालखीबरोबर चालत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण प्रार्थना नव्हती ती. "ओरडून सांगते," ती म्हणत होती. "जिंगजिंगला ओरडून सांगते." आणि मग, "नाही, म्हणतील मीच केलं. मालास बाईनं पोरीचंही केलं." आणि मग पुन्हा, "सांगते." मी मागे वळून बघितलं. पुरिता माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे मातेच्या हनुवटीवर होते.

पालख्या मांडवाखाली आल्या. बँड थांबला. सगळं गाव तिथे, होड्यांवरचे, डोंगरावरचे, बाळंतिणीसुद्धा. कप्पी करकरली आणि कागदी फुलांतून जिंगजिंगचे पाय आले, मग पंख, मग चेहरा. वाऱ्यानं ती लंबकासारखी हेलकावत होती, बेर्तिंग दोरी आवळून धरत होता. तिनं गाणं म्हटलं. दातातून हवा निघत होती तरी सूर पक्का होता. मग हात पुढे केला, वरची टाचणी काढली, सरावात काढायची तशीच, आणि दोन्ही हातांनी ओढणी ओढली.

ओढणी मागून सरकली आणि अडकली.

तिनं परत ओढली. माता पालखीत हलली. तिसऱ्यांदा ओढली आणि माता पुढे झुकली, अगदी त्या वेळी झुकली होती तशीच. कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. मग माझ्या पाठीमागे कुणीतरी तो शब्द उच्चारला. हळूच, पण शांततेत सगळं ऐकू येतं. "मालास." आणि दुसरं कुणीतरी, "आईसारखीच."

जिंगजिंगनं खाली बघितलं, आई कुठे आहे ते शोधत. लूमेनचं तोंड उघडं होतं. आवाज नव्हता. माझी ती लेक, जिच्या आवाजासाठी तिला पंख मिळाले होते, तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना. मी ओरडायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा सेपाला बोलता येईना.

तेवढ्यात फरशीवर काठी आपटली. एकदा, मग परत.

"बाळ, ओढू नकोस," पुरिता म्हणाली. तिचा आवाज पहिल्या बाकावरच्या बाईचा आवाज होता, सगळ्या चौकभर गेला. "हनुवटीखाली बघ. डाव्या बाजूला. तिथे आणखी एक टाचणी आहे."

लोक वळले.

"ती मी लावलीय," पुरिता म्हणाली. "घाबरून लावली. आणि ऐका, तिच्या आईच्या वेळीही मीच लावली होती. त्या पोरीचा काही दोष नव्हता. वादळाशी तिचं काही देणं-घेणं नव्हतं. मी गप्प बसले. ऐकलं का सगळ्यांनी? बेर्तिंग, तुझा बाप ठार बहिरा होता, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, डोन्या," बेर्तिंग वरून म्हणाला. दोरी धरलेला तो, रडायला लागला बिचारा, डोळे पुसायला हात मोकळा नाही.

जिंगजिंगनं मातेच्या हनुवटीखाली बोटं घातली. चाचपली. "नाहीये," म्हणाली. परत चाचपली. "नाहीये... आहे! सापडली, लोला!" टाचणी निघाली, ओढणी निघाली, आणि मातेचा चेहरा समोर आला, गुलाबी गालांचा, समोर तिचा मुलगा उभा. घंटा सुरू झाल्या. फटाके फुटले. जिंगजिंगचा दात पडला तो नेमका त्याच वेळी, आणि ती वर जाता जाता दात शोधत होती, म्हणून देवदूताचं डोकं खाली आणि पाय वर असं त्या वर्षी पहिल्यांदाच झालं.

लूमेन गर्दी सारत पुरिताकडे गेली. मी तिच्या मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही.

"डोन्या, ती टाचणी तर मी..."

"गप्प." पुरितानं तिचा हात धरला, थरथरणाऱ्या हातानं, पण घट्ट. "फादर बघतायत. हस. ईस्टर आहे."

लोकांनी लगेच काही फुलं उधळली नाहीत हं पुरितावर. ज्यांच्या होड्या गेल्या होत्या त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. देवळात पहिल्या बाकावर ती एकटीच बसायची, तिच्या शेजारी कुणी जाईना. बायकांच्या मंडळानं तिच्याकडून मातेच्या कपाटाची किल्ली मागायच्या आधीच तिनं ती मोलकरणीबरोबर आमच्या घरी पाठवून दिली. मागून लोक म्हणायचे, बघा, एवढी वर्षं गप्प बसली आणि तरी परत तेच केलं, जित्याची खोड. दोन टाचण्या तिच्या नावावर गेल्या होत्या, आणि एक तिची नव्हती.

मालास मात्र कुणी म्हणालं नाही. ना लूमेनला, ना पोरीला. पान्दोयनं स्वतः येऊन सांगितलं की लूमेननं जाळ्याला हात लावून द्यावा, नवीन जाळं आहे. तिनं लावला. त्या आठवड्यात मासा इतका आला की सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर टुना बसलेला असायचा, चहा मागत. हे खोटं आहे. पण मासा आला होता.

लूमेनला मात्र ना जेवण जाई ना झोप येई. एका रविवारी तिनं मी केलेला गोड भात केळीच्या पानात बांधला आणि डोन्याच्या घरी गेली. मला म्हणाली, चला. पुरिता ओसरीवर बसली होती. कुणी येत नव्हतं त्या दिवसांत तिच्याकडे. लूमेननं पान उलगडलं, पुढे ठेवलं, आणि उभीच राहिली.

"मी तुम्हाला माफ केलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि टाचणी मी लावली होती. तुम्हाला माहीत होतं."

"मी बघितलं होतं. अगदी त्याच जागी. मला वाटलं माझाच हात आहे."

"मग का केलंत? मी तर काहीच... मी तर तोंडावर सांगितलं होतं, मिळणार नाही म्हणून."

पुरितानं भाताचा एक घास घेतला, थरथरत, अर्धा मांडीवर सांडला. "तू माफ करायची वाट बघत बसले असते तर ती पोर पेंटेकॉस्टपर्यंत, पुढचे पन्नास दिवस, दोरीला लटकत राहिली असती." मग माझ्याकडे वळून, "सेपा, नारळ कमी पडलाय यात."

"तुझ्या सासूकडून शिकले," मी म्हटलं.

लूमेन हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली, पुरिताच्या गुडघ्याशी, आणि रडली, असं रडली की मला शेजारच्या घराची खिडकी बंद झालेली ऐकू आली. पुरिता तिच्या डोक्यावर हात ठेवून जेवत राहिली. माफी कुणी कुणाला दिली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिथे मी हजर असूनसुद्धा.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. हो, मी! लूमेनला सांगायचं होतं, पण पुरितानं तिच्याकडून वचन घेतलं होतं, "मी जिवंत असेपर्यंत नाही." पुरिता गेली तेव्हा नवव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर, सगळे जेवायला बसलेले असताना, लूमेन उभी राहिली आणि म्हणाली, "दुसरी टाचणी माझी होती." सगळं सांगितलं. वळण, वारा, अंबाडा, सगळं.

लोकांनी ऐकून घेतलं. मग पान्दोयची सून म्हणाली, "किती चांगली आहेस गं, मेलेल्या बाईचं पाप अंगावर घेतेस!" आणि बाकीचे माझ्याकडे बघून म्हणाले, "आईच्या वळणावर गेली. गोष्टी रचते."

तर आता मी सांगतेय, आणि तुम्हीही विश्वास ठेवू नका, हवं तर.

मातेला ओढणी अजून लूमेनच लावते. एकच टाचणी, मधोमध. पण ईस्टरच्या पहाटे ती घरातून निघते तेव्हा केस मोकळे सोडून निघते. अंबाडा नाही, पिन नाही, साधी दोरीसुद्धा नाही. क्रिसांतोंनंतर आलेल्या नवीन फादरांना ते बरं दिसत नाही, त्यांनी मला विचारलं, "ही बाई असे केस सोडून का येते मिरवणुकीत?"

मी म्हटलं, "वारा असतो ना, फादर. हाताला काही सापडायला नको."